कयाक डळमळते, म्हणून तळ बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगाड्यावर कापड चढवून घरी कयाक, म्हणजे आत पाय पसरून बसायची अरुंद होडी केली, ग्रीनलंड पद्धतीची. लांबी ५.२ मीटर, वरच्या कडेला रुंदी ५३ सेंटिमीटर. गावच्या तलावात बसल्या क्षणापासून ती डळमळते, वल्ह्यावरून एक हात काढायचीही सोय नाही. मित्र म्हणतो, तळ व्ही आकाराचा आणि बाजूच्या कडा धारदार आहेत म्हणून असं होतं. गोल किंवा सपाट तळाची दुसरी कर. माझं वजन ६४ किलो. पुढची कुठल्या तळाची करू? आणि शेवटी जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात. बूड दुखतं म्हणून खाली फोमचे दोन थर टाकलेत. शिवणीतून थोडं पाणी आत येतं, पण ‘तेवढं चालतं’.

मला विचाराल तर तुमचा अर्धा आजार त्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. तळाकडे नंतर येऊ.

आधी एक कबुली. मी तुमची कयाक पाहिलेली नाही. तुम्ही पाण्यात किती तास घालवलेत हेही मला माहीत नाही. पहिल्या तीन-चार तासांत प्रत्येक अरुंद कयाक डळमळते, कारण डळमळत आपण असतो. सायकल शिकताना हँडल घट्ट धरणाऱ्या पोराची सायकल जशी वळवळते तसंच हे. कंबर सैल सोडली की निम्मी थरथर थांबते. पण तुम्ही लिहिलंय की पट्टीचा पोहणारा मित्रही बसला आणि त्यालाही तसंच वाटलं. म्हणजे होडीतही काहीतरी आहे असं धरून चालतो.

मुळात होडी सरळ राहते कशी? घरातला पाळणा आठवा. कडी वर, बाळाचं वजन खाली, म्हणून झोका दिला तरी पाळणा मधोमध परत येतो. होडीलाही अशीच एक न दिसणारी कडी असते. होडी जराशी कलली की तिला वर उचलणारा पाण्याचा रेटा त्या बाजूला सरकतो, आणि सगळी होडी वरच्या एका बिंदूला टांगल्यासारखी वागते. पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली याची मांडणी केली आणि त्या बिंदूला मेटासेंटर म्हटलं. तुमचं आणि होडीचं मिळून वजनाचं जे केंद्र आहे ते या कडीच्या खाली असेल तर होडी परत येते. कडी आणि केंद्र यांच्यात अंतर जितकं जास्त, तितकी ती ठाम वाटते. अंतर शून्यावर आलं की पाळणा उलटा.

आता ही कडी होडीच्या बुडालेल्या भागाच्या मध्यापासून किती उंचावर असणार हे कशावर ठरतं? पाण्याच्या पातळीवर होडीची रुंदी किती यावर, आणि तेही रुंदीच्या घनाच्या हिशेबाने. लांबीचा वाटा सरळ असतो. लांबी दहा टक्के वाढवली तर कडी दहाच टक्के वर जाते. रुंदी दहा टक्के वाढवली तर तेहेतीस टक्के. इथे रुंदी म्हणजे टेप लावून वरच्या कडेला मोजलेली ५३ नव्हे. तुम्ही आत बसल्यावर पाणरेषेवर जी उरते ती. ग्रीनलंड पद्धतीच्या होडीच्या बाजू वर उघडत जातात, त्यामुळे ५३ ची पाणरेषेवर ४६ सहज होते. हलका माणूस असेल तर आणखी कमी, कारण होडी कमी बुडते आणि पाणरेषा तळाच्या निमुळत्या भागावर येते.

तुमच्या आकड्यांवर मी ढोबळ हिशेब करून पाहिला. तुम्ही ६४ किलो, होडी १४ किलो, पाणरेषेची रुंदी ४६. कडी कीलपासून साधारण २८ सेंटिमीटर वर येते. कील म्हणजे तळाची मधली लांब पट्टी. माणूस पाय पसरून बसला की त्याच्या वजनाचं केंद्र बुडापासून वीसेक सेंटिमीटर वर असतं. फोमचे दोन थर धरून तुमचं बूड कीलपासून ६ सेंटिमीटर वर असेल, तर सगळं मिळून केंद्र २४ च्या आसपास जातं. उरले ४ सेंटिमीटर. त्या चार सेंटिमीटरवर तुमचा सगळा तोल चाललाय. आता फोम काढा आणि बूड कीलपासून दीड सेंटिमीटरवर आणा. केंद्र पावणेचार सेंटिमीटरने खाली येतं आणि अंतर जवळजवळ दुप्पट होतं. एक पैसा खर्च नाही, एक खिळा हलवलेला नाही.

त्याउलट नवी कयाक पाणरेषेवर ४६ ची ५० केली तर? ४६ चा घन ९७,३३६ आणि ५० चा १,२५,०००. म्हणजे २८ टक्के वाढ, आणि कडी सहाएक सेंटिमीटर वर. फायदा आहेच. पण त्यासाठी तुम्हाला दोन महिने पुन्हा रंधा मारायचा आहे, आणि फोम तसाच ठेवलात तर त्यातला मोठा भाग पुन्हा वाया.

ग्रीनलंडचे शिकारी चामड्याच्या तुकड्यावर, जवळजवळ तळालाच टेकून बसत. त्यांची मापं शरीरावरून घेतलेली असत. लांबी म्हणजे पसरलेल्या हातांची तीन लांबी, रुंदी म्हणजे कमरेची रुंदी अधिक दोन मुठी, खोली म्हणजे मूठ आणि वर उभा केलेला अंगठा. ही मापं आज घरी कयाक करणाऱ्या सगळ्यांना पाठ असतात. लोक रुंदीचं माप पाळतात, खोलीचं विसरतात आणि आत उशी टाकून बसतात. मूठ-अंगठ्याएवढी खोली ठेवण्यात हेही साधत होतं की वर बसायला जागाच उरत नाही.

बूड दुखतं हे मात्र खरं आहे, त्याची चेष्टा नाही. पण दुखणं जाडीने जात नाही, आकाराने जातं. कडक फोमचा एकच पातळ थर घ्या, बसायच्या हाडांच्या जागी दोन वाट्या कोरा आणि मांडीखालचा पुढचा भाग बोटभर उंच ठेवा. पाय सुन्न व्हायचे थांबतात आणि बूडही खालीच राहतं. मी पॅकिंगच्या कडक फोमचा तुकडा खिळ्यांच्या डब्याच्या झाकणाने कोरून असं आसन केलं होतं. आठ वर्षं झाली, अजून तेच चाललंय.

आता शिवणीतलं पाणी. ते चालत नाही. होडी कलली की आतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि कडी खाली ओढतं. किती पाणी आहे यापेक्षा ते किती रुंद पसरलंय याला महत्त्व, आणि इथेही घनाचाच हिशेब. तुमच्या व्ही तळात २० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब डबकं साचलं तर सव्वा सेंटिमीटर गेला. चारातला सव्वा! हेच पाणी मित्राच्या सपाट तळात ३० सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर लांब पसरलं तर पावणेसहा सेंटिमीटर गेले, म्हणजे तुमच्याकडे आहेत त्याहून जास्त. शिवण पुन्हा भरा, वर कोटिंगचा हात मारा आणि मोठा स्पंज कायम जवळ ठेवा. आणखी एक. कापडी कयाकमध्ये आडव्या भिंती नसतात, पाणी भरलं तर टोकापासून टोकापर्यंत भरतं. पुढच्या-मागच्या टोकात हवेच्या पिशव्या घातल्या नसतील तर आधी त्या घाला. तोवर छातीएवढ्या पाण्यापलीकडे जाऊ नका. लाइफ जॅकेटबद्दल वेगळं लिहीत नाही.

मग तळाच्या आकाराला काहीच अर्थ नाही का? आहे, पण मित्र सांगतो तिथे नाही. पाणरेषेची रुंदी आणि वजन तेच ठेवून तळ सपाटचा व्ही केला तर सुरुवातीच्या ठामपणात फरक पडतो तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा. व्ही तळात तुम्ही घळीत खोल बसता, त्यामुळे त्यातलं काही परतही मिळतं. सपाट तळाच्या होड्या ठाम लागतात कारण त्या कमी बुडूनही पाणरेषेवर पूर्ण रुंद असतात. व्ही तळ हलक्या माणसाखाली अरुंद होतो. म्हणजे श्रेय पुन्हा रुंदीचंच. गोल तळाचं तर नुसतं नाव. पूर्ण अर्धगोल काप असेल तर कडी त्या वर्तुळाच्या मध्यावर ठाण मांडून बसते, होडी कितीही कलली तरी हलत नाही. पाण्यातला ओंडका गिरकी घेतो तो यामुळेच. त्याला कुठली बाजू वर आहे याचं सोयरसुतक नसतं.

आकार बोलायला लागतो तो होडी दहा-पंधरा अंशांपुढे कलल्यावर. तुमच्या होडीच्या बाजू वर उघडत जातात. कलली की त्या बाजूची जास्त रुंदी पाण्यात जाते आणि होडी जास्त जोराने विरोध करते. म्हणून जाणकार म्हणतात की ग्रीनलंडची कयाक आधी घाबरवते आणि मग धरून ठेवते. सपाट तळ आणि उभ्या बाजू असतील तर उलट होतं. सुरुवातीला परातीसारखी ठाम, पण एक कड पाण्याबाहेर आली की रुंदी एकदम कमी होते आणि सांगून-सवरून न येता उलटते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, दाभोळच्या खाडीत शिकलो. माझी पहिली कयाक मी मुद्दाम ६४ सेंटिमीटर रुंद आणि सपाट तळाची केली होती. मुळशीच्या पाण्यात तिच्यात बसून डबा खाल्लाय, शर्ट बदललाय. मित्रांना वाटे, काय जमलीय होडी! मग ती दाभोळला नेली. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि समोरून वारा, त्यामुळे तोंडाजवळ लाटा उभ्या राहिल्या होत्या. एक लाट बाजूने आली. सपाट रुंद तळ लाटेच्या उताराशी समांतर राहू बघतो, तो त्याचा स्वभावच आहे. तळ्यात पाणी आडवं, म्हणून होडी आडवी. लाटेवर पाणी तिरपं, म्हणून होडीही तिरपी. मी सरळ राहायला जोर लावतोय आणि होडी लाटेबरोबर झुकतेय. दुसऱ्या लाटेला डावी कड पाण्याबाहेर आली आणि पुढच्या क्षणी मी होडीखाली. जॅकेट होतं, किनारा जवळ होता, एका मासेमारी होडीवाल्या काकांनी ओढून काढलं. होडीकडे बघून ते म्हणाले, “एवढी पातळ करायचीच होती तर उलांडी तरी लावायची.”

बोलणं चुकीचं नव्हतं. कोकणातल्या लहान अरुंद होड्यांना बाजूला आडव्या दांड्यांवर ओंडका बांधतात, ती उलांडी. होडी रुंद न करता पाणरेषेवरची रुंदी वाढवायची ती युक्ती. क्लेपर कंपनीच्या आएरिउस या घडीच्या कयाकने तेच वेगळ्या तऱ्हेने केलं. कापडाच्या आत दोन्ही बाजूंना हवेच्या लांब नळ्या. त्या फुगवल्या की कापड ताणलंही जातं आणि कडा भरदारही होतात. हान्नेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर १९५६ साली असल्याच कापडी होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडून गेला.

म्हणून कुठल्या पाण्यात जाणार हे न विचारता ‘कुठला तळ चांगला’ हे कोणी सांगू शकत नाही. आर्क्टिकमधल्या लोकांचाही एक तळ नव्हता. बॅफिन बेटावरच्या कयाक रुंद आणि सपाट तळाच्या. कॅरिबू इन्युइट लोकांना नदी-तळी ओलांडणाऱ्या कॅरिबूंचा, म्हणजे तिकडच्या रेनडिअरांचा पाठलाग करायचा असे, त्यांच्या कयाक अरुंद आणि चपळ. अल्यूशन बेटांवरच्या कयाकना कित्येक लांब पट्ट्या, त्यामुळे काप गोलाईकडे झुकलेला. ग्रीनलंडमध्ये मात्र एक कील आणि दोन बाजूंना एकेक चाईन, बस्स. चाईन म्हणजे तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथली लांब पट्टी, तुमच्या मित्राची ‘धारदार कड’.

कापडी कयाकची आणखी एक गंमत आहे, जी फायबरवाल्यांना ठाऊक नसते. तुम्ही सांगाड्याचा जो आकार करता तो पाण्यात राहत नाही. पाणी कापडाला आत दाबतं, आणि कील ते चाईन या पट्ट्यात कापड झोळीसारखं आत जातं. एका कयाकमध्ये मी माणूस बसवून कील आणि चाईनवर आतून दोरा ताणला आणि कापड किती फुगून वर आलंय ते मोजलं, तर बोटभर भरलं. म्हणजे सपाट ठेवलेला तळ प्रत्यक्षात दोन घळींचा झाला होता. नायलॉन असेल तर ओल आणि गारठ्यात आणखी सैल पडतं. पावसाळ्यात तीच कयाक वेगळी लागते ती उगाच नाही. पॉलिस्टर तितकं सैल पडत नाही आणि इस्त्रीने ताणून घेता येतं. तेव्हा कागदावर गोल काढलात तरी तीन पट्ट्यांवर तो गोल उतरणार नाही. गोल हवाच असेल तर पट्ट्या वाढवा, आणि पट्ट्या वाढवल्या की वजन आणि काम दोन्ही वाढतं. घरच्या पहिल्या-दुसऱ्या कयाकला एवढी हौस परवडत नाही असं माझं मत.

आता तुम्ही काय करायचं. फोम काढा, आत सुकं करा आणि उथळ पाण्यात शांत बसा. मित्राला सांगा की बाजूच्या कापडावर पाणी जिथे टेकतंय तिथे दोन्हीकडे खडूने रेघ मारायची. बाहेर आल्यावर दोन रेघांमधलं अंतर मोजा, ही तुमची खरी रुंदी. त्याच वेळी चाईन पाण्याच्या वर आहे की खाली तेही बघा. बसल्यावर चाईन दोन बोटं तरी पाण्याखाली पाहिजे. ती पाणरेषेवर किंवा वर राहत असेल तर तुम्ही फक्त व्ही वर तरंगताय, आणि नकाशा तुमच्याहून बऱ्याच जड माणसासाठी काढलेला आहे हे नक्की. खात्री करायला पाच-पाच लिटरचे दोन कॅन काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, पाठीमागे अगदी तळाशी बांधून बघा. अर्धे भरलेले नकोत, ते आतल्या आत हिंदकळतात. दहा किलोनेच डळमळ निम्मी झाली तर रोग सापडला.

ज्यांना आकडा हवा असतो त्यांच्यासाठी एक सोपी चाचणी. दोन किलोची भरलेली बाटली मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटरवर डेकवर ठेवायची, तुम्ही ओंडक्यासारखं ताठ बसायचं, आणि मित्राने मोबाइलमधल्या लेव्हलने कल वाचायचा. तुमच्या होडीचं वजन धरून, आधी सांगितलेलं अंतर ४ सेंटिमीटर असेल तर कल नऊ अंशांच्या आसपास येईल. साडेसात असेल तर पाचच्या. माणूस नकळत सावरतो म्हणून चार-पाच वेळा वाचा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

फोम काढूनही सातच्या वर अंश येत असतील, तर पुढची कयाक करा. तीही व्ही तळाची आणि चाईनचीच, फक्त तुमच्या मापाची. गनेल, म्हणजे वरच्या कडेच्या दोन लांब फळ्या, त्यांच्यातल्या आडव्या पट्ट्या चार सेंटिमीटरने लांब करा. चाईन दोन्हीकडे दोन सेंटिमीटर बाहेर घ्या आणि व्ही थोडा उथळ करा, म्हणजे चाईन तुमच्या ६४ किलोलाही पाण्याखाली जाईल. बाजूंचा वर उघडत जाणारा उतार मात्र कमी करू नका, दाभोळला मला तोच नव्हता. पाणरेषेवर ५० मिळाले की थांबा. तलाव आणि खाडीच्या आतल्या पाण्याला तेवढे पुरतात. त्याहून रुंद झाली की वल्हं मारताना हात काठावर घासतात आणि बाजूच्या लाटेला ती माझ्या पहिल्या होडीसारखी वागायला लागते.

पण लाकूड आणायच्या आधी फोम काढून बसल्याचा एक फोटो टाका. बाजूने, पाण्याच्या पातळीवर मोबाइल धरून, खडूची रेघ आणि चाईन दोन्ही दिसतील असा.